चावी फिरवली की काय होतं?



सायकलच्या डायनॅमोवर लिहिलं होतं, त्यावर तुमची बरीच पत्रं आली. बहुतेकांनी डायनॅमो उघडून पाहिला म्हणे. चौघांनी तो परत बसतच नाही असंही कळवलंय. त्यांच्या घरच्यांची मी इथूनच माफी मागतो!

या गठ्ठ्यात एक पत्र मोठं मजेशीर निघालं. सोलापूरच्या सहावीतल्या एका वाचकमित्राचा प्रश्न असा : "गुरुजी, मोटरसायकलची चावी फिरवली की गाडी चालू होते असं पप्पा म्हणतात. पण मी नीट बघितलं. आमच्या जुन्या गाडीत चावी फिरवून काहीच होत नाही. किक मारल्यावरच गाडी चालू होते. मग चावी कशाला?"

अगदी बरोबर पाहिलंस, शाब्बास! या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याइतका लायक माणूस सापडायचा नाही. कारण याच चावीपायी मागच्या पावसाळ्यात मी एक चूक केली होती. साधीसुधी नव्हे, हात भाजण्याइतकी चूक. ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही, म्हणून सगळंच सांगतो.

माझी शाळा गगनबावडा तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. गगनबावडा म्हणजे महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक. जून ते सप्टेंबर दप्तराला, भिंतीला, खडूला, सगळ्याला ओल. अशा रस्त्यावरून मी रोज शाळेत जातो ते आमच्या आबांच्या बुलेटवर. आबा म्हणजे माझे वडील. 1986 साली उसाचं बिल आलं तेव्हा त्यांनी ही 350 सीसीची बुलेट घेतली. गाडीची चावी ते कडदोऱ्याला बांधून ठेवत. आंघोळीलासुद्धा सोडत नसत. आता त्यांचे गुडघे दुखतात, किक मारवत नाही. म्हणून मला नोकरी लागल्यावर त्यांनी ती चावी सोडून माझ्या हातात दिली. घासून घासून तिचे दाते इतके गुळगुळीत झालेत की चावी आहे की लोखंडाची पट्टी, कळू नये.

बुलेट हे नाव तसं आपल्याकडचं नव्हे, बरं का. इंग्लंडातल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने 1932 मध्ये या नावाची गाडी काढली. पुढे आपल्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाड्या हव्या होत्या, तेव्हा 350 सीसीच्या बुलेट मागवल्या गेल्या, आणि 1955 साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, कंपनी सुरू झाली. गंमत अशी, की इंग्लंडमधलं मूळ उत्पादन 1970 च्या सुमाराला थांबलं आणि मद्रासची गाडी मात्र चालतच राहिली. आमच्यासारख्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. नव्या गाडीची सवय असलेला माणूस तिच्यावर बसला की ब्रेक म्हणून गिअरच दाबतो! आमच्या एका सरांनी असाच शाळेचा कुंपणाचा खांब वाकवला. असो.

आता चावीकडे वळू.

बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर, चावीच्या शेजारी, घड्याळासारखी एक छोटी तबकडी असते. तिला अँपिअर मीटर म्हणतात. काटा मधोमध, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला वजा. आबांनी मला गाडी शिकवली ती या काट्यापासून. मी तेव्हा आठवीत असेन. ते म्हणाले, "चावी फिरव. काटा बघ." चावी फिरवली तर काटा किंचित वजाकडे झुकला. "आता किक हातानं हळूहळू दाब." दाबली. काटा टुणकन् मध्यावर आला! आणखी दाबली, पुन्हा वजाकडे.

सोलापूरच्या मित्रा, चावी फिरवल्यावर काहीच होत नाही म्हणतोस ना? ते काहीतरी होतं ते हेच. बॅटरीतून करंट निघतो, चावीच्या स्विचमधून जातो, आणि एका तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत शिरतो. या गुंडाळीला इग्निशन कॉइल म्हणतात. तिथून तो पॉइंट नावाच्या दोन छोट्या टिकल्यांमधून फ्रेममध्ये उतरतो आणि फ्रेममार्गे परत बॅटरीत. टिकल्या चिकटलेल्या असल्या की करंट वाहतो, काटा झुकतो. इंजिन फिरलं की त्या टिकल्या क्षणभर विलग होतात, करंट तुटतो, काटा मध्यावर.

आणि ठिणगी पडते ती करंट तुटतो त्याच क्षणी! चालू असताना नव्हे. हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं. तुमच्या घरी नळाला जोरात पाणी आलंय आणि तुम्ही तोटी एकदम बंद केली, तर पाइप कसा 'धाड्' करून हादरतो? पळत्या पाण्याला अचानक अडवलं की ते धक्का देतं. कॉइलमधला करंट असाच अचानक अडवला की त्या गुंडाळीत जबरदस्त धक्का तयार होतो. त्याच कॉइलमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असलेली दुसरी गुंडाळी असते, तिच्यात तो धक्का दहा हजार व्होल्टच्याही वर जातो. बॅटरी फक्त बारा व्होल्टची! हा दाब स्पार्क प्लगच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून उडी मारतो. तीच ठिणगी. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ही रचना बसवली आणि 1910 च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. बुलेटचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे सेकंदाला 25 ठिणग्या पडतात. पंचवीस वेळा करंट चालू, पंचवीस वेळा बंद. आणि हा सगळा करंट येतो त्या चावीच्या स्विचमधून.

आता लक्षात आलं? चावी गाडी 'चालू' करत नाही. ती ठिणगीला परवानगी देते. किक इंजिन फिरवते. दोन्ही हवं.

(शेतात विहिरीवर डिझेल इंजिन पाहिलंय? त्याला ठिणगी लागतच नाही, म्हणून अशी चावीही लागत नाही. आणि औषध फवारायच्या पंपाचं पेट्रोल इंजिन असतं, त्याला बॅटरी नसते, मॅग्नेटो असतो. तिथे बंद करायचं बटण वायर तोडत नाही, उलट जोडतं! करंट प्लगकडे जाण्याऐवजी सरळ इंजिनच्या लोखंडात उतरवून टाकतं. दोन्हीकडे इंजिन बंदच होतं, पण युक्ती उलटी.)

तर मागच्या जुलैमध्ये आमची बुलेट खोड्या करायला लागली. खड्ड्यात आदळली की बंद. चावी जरा हलवली की पुन्हा चालू. हळूहळू चावी एका बोटाने डावीकडे दाबून धरली तरच गाडी चालायची. एका हाताने चावी धरून घाटरस्त्याला गाडी चालवणं म्हणजे काय, कल्पना करा. एका संध्याकाळी इंजिन गेलं आणि त्याबरोबर हेडलाइटही गेला, कारण आमच्या गाडीत दिव्याचा करंटही याच चावीतून जातो. समोर धुकं, शेजारी दरी. मी तसाच थांबलो, गाडी ढकलत बाजूला घेतली.

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी स्विच बदलला असता. मी नाही बदलला. का? सांगायला जरा लाज वाटते. नवा स्विच म्हणजे नवी चावी. आणि आबांची चावी मग कशाला लागणार? रोज सकाळी ती चावी हातात घेतली की मला बरं वाटायचं. आबा ओट्यावर बसलेले असायचे, चावीकडे बघायचे, काही बोलायचे नाहीत.

मग मी काढला जुगाड. स्विचला येणारी वायर आणि स्विचमधून जाणारी वायर, दोन्ही लांबवून एका वीस रुपयांच्या बटणाला जोडल्या. पीळ दिला, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली, बटण हँडलला बांधलं. आबांची चावी दिसायला जागेवर, काम मात्र बटणाचं. गाडी झकास चालू! तीन आठवडे मी स्वतःवर खूश होतो. वर्गात पोरांना म्हणालो पण, "बघा, तुमचे गुरुजी मिस्त्री झाले."

ऑगस्टमधली गोष्ट. पाऊस जोराचा म्हणून शाळा लवकर सुटली होती. चौथीतल्या एका मुलीचं घर वाडीवर, ओढ्यापलीकडे. तिला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून मी तिला गाडीवर मागे बसवलं. वाडीच्या वळणावर हँडल पुरतं वळवलं आणि पाठीमागून ती ओरडली, "गुरुजी, धूर! दिव्यातनं धूर!"

मी खाली पाहिलं. हेडलाइट आणि टाकीच्या मधून पांढरा धूर येत होता. जळक्या प्लास्टिकचा उग्र वास. मी बटण बंद केलं. इंजिन बंद झालं, पण धूर थांबेना! बटणाच्या अलीकडची वायर फ्रेमला टेकली होती ना. बटण बंद करून काय होणार? टाकीत पाच-सहा लिटर पेट्रोल. पोरीला म्हटलं, "उतर, लांब पळ, त्या फणसापाशी जाऊन उभी राहा." बाजूची पेटी उघडली आणि बॅटरीची वायर नुसत्या हाताने हिसकून काढली. ती तापून लाल व्हायच्या बेतात होती. उजव्या तळव्याला चट्टा उठला, तो अजून आहे. धूर थांबला.

झालं होतं काय, तर मी जोडलेली बारीक वायर हँडलच्या मानेजवळून गेली होती. हँडल रोज शेकडो वेळा इकडून तिकडे वळतं. दर वळणाला वायर लोखंडावर घासत होती. तीन आठवड्यांत वरचं प्लास्टिक फाटलं आणि आतलं तांबं उघडं पडून फ्रेमला चिकटलं. बॅटरीचा सगळा करंट, मधे कॉइल नाही, दिवा नाही, कसलाच अडथळा नाही, सरळ फ्रेममध्ये. यालाच शॉर्ट म्हणतात. अशा वेळी फ्यूज वितळतो आणि वायर वाचते. आमचा फ्यूज का वितळला नाही? फ्यूजच्या जागी कोणीतरी कधीतरी तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवली होती. कोणी, ते विचारू नका. आबा म्हणतात मी, मी म्हणतो आबा.

पोरीला चालत घरी पोचवलं. तिच्या वडिलांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, पोरगी धड हाय न्हवं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी टेंपोत घालून तालुक्याला मिस्त्रीचाचांकडे नेली. चाचांनी आबांच्या काळापासून ही बुलेट हाताळलीय. त्यांनी हेडलाइट उघडला, जळकी वायर दोन बोटांत धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, हे कुणी केलं?" मी गप्प. "पोरांना असंच शिकिवता काय?" मी आणखी गप्प.

मग मी सुचवलं, "चाचा, स्विच चांगला असेल कदाचित. मी मीटरने मोजला होता. स्विचच्या अलीकडे 12.3 व्होल्ट, पलीकडे पण 12.3."

चाचा हसले. जळकी वायर बाजूला काढून त्यांनी जुन्या स्विचला तात्पुरती चांगली वायर लावली, चावी फिरवली, आणि मग किक हाताने थोडी दाबली. काटा वजाकडे झुकला. "आता मोजा."

अलीकडे 12.2. पलीकडे 9.

कसं काय? दोस्तांनो, हे नीट समजून घ्या, फार उपयोगाचं आहे. मी मोजलं तेव्हा नेमक्या पॉइंटच्या टिकल्या विलग होत्या. करंट वाहतच नव्हता. करंट वाहत नसेल, तर खराब स्विचही चांगला दिसतो! बंद पडलेल्या नळात कचरा अडकलाय की नाही, हे पाणी येईपर्यंत कळतं का? तसंच. चाचांनी किक दाबून टिकल्या चिकटवल्या, साधारण 3 अँपिअर करंट वाहायला लागला, तेव्हा स्विचमधली अडचण उघडी पडली. 12.2 मधून 9 गेले, म्हणजे 3.2 व्होल्ट स्विचच खात होता. 3.2 गुणिले 3 म्हणजे साडेनऊ वॅटपेक्षा जास्त उष्णता, एका सुपारीएवढ्या जागेत. म्हणूनच पावसातसुद्धा ती चावी कोमट लागायची! मला वाटायचं आबांच्या हाताची ऊब राहिलीय.

आता स्विच कसा बदलला ते सांगतो. एक अट आहे. घरातल्या गाडीवर हे एकट्याने करायचं नाही. मोठ्या माणसाजवळ बसून बघा, पाना-पक्कड हातात द्या, पण बॅटरीला हात लावायचा नाही. माझा तळवा आठवा.

पहिलं काम, बॅटरी सोडवणं. चाचांनी आधी फ्रेमला जोडलेली वायर सोडवली, आणि मग दुसरी. परत जोडताना उलट : फ्रेमची वायर सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, "चाचा, काय फरक पडतो?" ते म्हणाले, "तुम्ही मास्तर, तुम्ही सांगा." तुम्हीही विचार करा. शेवटी विचारणार आहे.

मग हेडलाइटच्या कडीचा वरचा स्क्रू काढून दिवा बाहेर ओढला. आतमध्ये बघतो तर वायरींचं जंगल! लाल, तपकिरी, हिरवी, आणि मधेच घरातल्या वायरिंगची पिवळी. रंगावरून काही कळेल म्हणाल तर नाव नको. चाळीसएक वर्षांत ज्या मिस्त्रीला जी मिळाली ती वायर त्याने जोडलेली. म्हणून चाचा रंगावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्याकडे एक साधा दिवा आहे, गाडीच्या इंडिकेटरचा, त्याला दोन वायरी. एक टोक फ्रेमला लावायचं, दुसरं संशयित वायरीला. बॅटरी क्षणभर जोडून बघायचं. दिवा लागला तर ही बॅटरीकडून येणारी. प्रत्येक वायरीला त्यांनी कागदाचा तुकडा बांधायला लावला आणि मी पेन्सिलीने लिहिलं : 'बॅटरी', 'कॉइल', 'दिवे', 'बारके दिवे'. वहीत चित्रही काढलं. चित्र काढायचा आळस केलात तर पुढे तीन तास रडत बसाल.

बाहेरून चावीभोवतीची गोल चकती फिरवून काढली की स्विच आत सुटतो. जुना निघाला. नव्या स्विचसाठी मी कोल्हापूरला जाऊन आलो होतो. दुकानदाराने ठेवला समोर, म्हणाला, "हुबेहूब." दिसायला खरंच हुबेहूब. मागे चार पाती, जुन्यालाही चार. मी लगेच ज्या जागी जी वायर होती तिथे ती लावायला निघालो.

चाचांनी हात धरला. "थांबा. चेहऱ्यावर जाऊ नका."

त्यांनी नवा स्विच टेबलावर ठेवला, तोच दिवा आणि एक सुटी बॅटरी घेतली आणि एकेक जोडी तपासायला लावली. चावी बंद असताना कुठली दोन पाती आतून जोडलेली आहेत? पहिल्या टप्प्यावर कुठली? दुसऱ्या टप्प्यावर? दिवा लागला की वहीत बरोबरची खूण. चार पात्यांच्या जोड्या किती होतात? सहा. चावीच्या जागा तीन. म्हणजे अठरा वेळा तपासायचं. कंटाळवाणं वाटतं ना? पण निघालं काय, माहीत आहे? जुन्या स्विचमध्ये बॅटरीची वायर डावीकडून पहिल्या पात्याला होती, आणि नव्यात ते पातं होतं तिसरं. मी घाईने जोडलं असतं, तर चावी काढून खिशात घातल्यावरही मागचे दिवे जळत राहिले असते आणि सकाळी बॅटरी रिकामी.

बाकीचं काम भराभर झालं. जळकी वायर पार काढून टाकली, तिथे जाड नवी. टोकांना पितळी थिंबल दाबून बसवल्या, पीळ आणि चिकटपट्टी नाही. हँडलच्या मानेजवळ वायरींना रबरी नळीचं आवरण आणि थोडी ढील, म्हणजे हँडल वळलं तरी ताण नको. फ्यूजच्या जागचा तो तांब्याचा वेढा काढला आणि खरा फ्यूज बसवला. चाचा म्हणाले, "फ्यूज वरचेवर उडाला तर जाड तार घालू नगा. तो का उडाला ते शोधा. तो बिचारा मरून सांगतोय."

बॅटरी जोडली. चावी फिरवली. किक हळू दाबली, काटा झुकला. स्विचच्या अलीकडे 12.2, पलीकडे 12.1. मग मी उभा राहून किक मारली. पहिल्याच किकला धडधड! चावी बंद केली, इंजिन गप्प. चाचांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा वळवून पाहिलं, गाडी चालू ठेवून. मग कुठे हात पुसले.

नवी चावी चकचकीत. घरी आलो, आबा ओट्यावरच होते. दोन्ही चाव्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि धुराची सगळी गोष्ट सांगितली. आतापर्यंत सांगितली नव्हती. माझा हात बघून ते इतकंच म्हणाले, "मला इचारायचं तरी. चावी काय, ती बदलत असत्यात. ही तिसरी हाय." म्हणजे जी चावी मी इतकी जपत होतो, ती 1986 ची नव्हतीच! त्यांनीच दोनदा स्विच बदलला होता.

जुना स्विच मी शाळेत नेला. चौथीच्या वर्गात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उघडला. उघडताना आतली स्प्रिंग टणकन् उडाली आणि ज्वारीच्या दाण्याएवढी लोखंडी गोळी कपाटाखाली गेली. ती शोधायला अख्खा वर्ग जमिनीवर आडवा! चावी फिरवताना 'टक' लागतं ना, ते या गोळीमुळे. ती खाचेत बसते. पितळी चकतीवर जागोजाग काळे खड्डे होते आणि कडेला हिरवट थर. करंट जोडता-तोडताना बारीक ठिणग्या पडून खड्डे झाले, आणि आमच्या पावसाने पितळ्याला तो हिरवा गंज दिला. खड्डे आणि थर यांच्यामधून करंट कसाबसा वाट काढत होता, म्हणून ती सव्वातीन व्होल्टची तूट.

पोरांनी पॉलिश पेपरने चकती घासून लख्ख केली. गोळी, स्प्रिंग सगळं बसवून स्विच एका फळीवर ठोकला. दोन सेल, एक टॉर्चचा बल्ब. गाडीच्या कामाचा नाही तो आता, पण बल्ब छान लावतो. चावी आबांचीच.

त्या धुराच्या दिवशीची ती मुलगी आता या फळीची मालकीण आहे. कोणालाही चावी फिरवू देण्याआधी ती विचारते, "करंट कुठनं कुठं जाणार, सांग आधी." गेल्या आठवड्यात आबा शाळेत आले होते, त्यांनाही तिने विचारलं. आबांनी सगळं बरोबर सांगितलं, सेलपासून बल्बपर्यंत आणि परत सेलपर्यंत. मग तिने त्यांना चावी फिरवू दिली.

आता तुमची पाळी. दोन प्रश्न आहेत. पत्राने उत्तरं पाठवा.

एक : बॅटरी सोडवताना फ्रेमला जोडलेली वायर आधी का सोडवायची? (सूचना : हातात लोखंडी पाना आहे, आणि तो चुकून फ्रेमला लागू शकतो. दोन्ही प्रकारे चित्र काढून बघा.)

दोन : पॉइंटच्या टिकल्या चिकटलेल्या असताना कोणी चावी चालू ठेवून तासभर निघून गेलं, इंजिन मात्र बंद, तर कॉइलचं काय होईल? आणि टिकल्या विलग असतील तर?

दुसऱ्याचं उत्तर आबांना विचारू नका. त्यांनी एकदा तसं केलंय.